अमेरिकन माणसाचा ध्वज आणि त्याचा विमा

अमेरिकेतील बहुतेक सरकारी शाळांचा दिवस एका प्रतिज्ञेने सुरू होतो. वर्गातील ध्वजाकडे तोंड करून मुले उभी राहतात, उजवा हात छातीवर ठेवतात आणि त्या ध्वजाशी व त्यामागे उभ्या असलेल्या प्रजासत्ताकाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतात. सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय, या आशयाच्या शब्दांनी तिचा शेवट होतो. तिला पाव मिनिटही लागत नाही. पण शाळा संपेपर्यंत एकेक मूल ती दोनेक हजार वेळा म्हणून चुकलेले असते. पुढे घराच्या ओसरीवर ध्वज लावणारा, सामना सुरू होण्यापूर्वी टोपी काढून उभा राहणारा, सैनिक दिसला की त्याचे आभार मानणारा सर्वसामान्य अमेरिकन माणूस घडतो तो या पाव मिनिटात. त्याच्या राष्ट्रप्रेमात ढोंग नसते, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. आपल्याकडील पुरोगामी मंडळींना अमेरिकेचा विचार करताना वॉशिंग्टनचे राज्यकर्ते तेवढे दिसतात आणि हा माणूस दृष्टीआड होतो.

या प्रतिज्ञेचे श्रेय ज्यांना दिले जाते ते फ्रान्सिस बेलामी हे ख्रिस्ती समाजवादी धर्मोपदेशक होते. ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही समाजवादी कादंबरी १८८८ साली लिहिणारे एडवर्ड बेलामी हे त्यांचे चुलतभाऊ. बोस्टनच्या ‘द यूथ्स कंपॅनियन’ या मुलांच्या साप्ताहिकात ८ सप्टेंबर १८९२ रोजी ही प्रतिज्ञा छापली गेली. निमित्त कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षे पूर्ण होण्याचे. शिवाय ते साप्ताहिक शाळांना ध्वज विकण्याची मोहीमही चालवीत होते. राष्ट्रभक्ती आणि विक्री यांचा असा घरोबा त्या देशात जुनाच आहे. बेलामींनी पुढे स्वतःच सांगितले आहे की, लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे स्वातंत्र्य, समता व बंधुता ही फ्रेंच राज्यक्रांतीची त्रिसूत्री होती. पण ती प्रत्यक्षात यायला इतका दीर्घ काळ लागेल की शाळेच्या प्रतिज्ञेत ती शोभणार नाही, असे वाटून ते स्वातंत्र्य आणि न्याय एवढ्यावरच थांबले. बेलामी काही संत नव्हते. स्थलांतरितांविषयीची त्यांची मते अनुदारच होती. तथापि एका समाजवाद्याच्या लेखणीतून उतरलेल्या राष्ट्रीय प्रतिज्ञेत समता यायची राहून गेली, ही गोष्ट हसून सोडून देण्याजोगी नाही.

पुढे त्या प्रतिज्ञेत ईश्वर आला. १९५४ साली, निरीश्वरवादी कम्युनिस्टांहून आपण वेगळे आहोत हे दाखविण्यासाठी, काँग्रेसने कायदा करून ‘ईश्वराच्या छत्राखाली’ या अर्थाचे शब्द तीत घातले. त्यानंतर चार वर्षांनी मे महिन्याच्या पहिल्या तारखेची पाळी आली. आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोत १८८६ साली झालेल्या लढ्यातून आणि त्यानंतर फासावर गेलेल्या कामगार पुढाऱ्यांच्या स्मृतीतून जगाला कामगार दिन मिळाला. महाराष्ट्रात त्या दिवशी सुटी असते, शिकागोत नसते. अमेरिकन कामगारांना १८९४ साली सप्टेंबरचा पहिला सोमवार देण्यात आला, आणि १ मे हा दिवस १९५८ च्या कायद्याने ‘निष्ठा दिन’ ठरला. ज्या शहरात ही घटना घडली तेथील मुलाला तिची तारीख ठाऊक नसावी अशी ही व्यवस्था आहे.

‘अन्-अमेरिकन’ हा शब्द याच व्यवस्थेचे अपत्य. एखाद्या फ्रेंच माणसाने संप केला तर त्याला कोणी ‘अ-फ्रेंच’ म्हणत नाही. अमेरिकेत मात्र १९३८ पासून १९७५ पर्यंत ‘अन्-अमेरिकन’ कारवायांची चौकशी करणारी संसदेची समितीच अस्तित्वात होती. राष्ट्र म्हणजे भूमी, भाषा किंवा वंश नव्हे, तर एक विचार, ही कल्पना मुळात उदात्त आहे. कोणत्याही देशातून आलेला माणूस शपथ घेतो आणि अमेरिकन होतो, हे तिचेच देणे. पण राष्ट्रच विचार ठरले की वेगळा विचार करणारा माणूस घरात राहूनही परका ठरतो. वस्तुतः समाजवाद हे त्या भूमीतील परदेशी रोप नव्हते. युद्धविरोधी भाषणाबद्दल तुरुंगात डांबलेल्या यूजीन डेब्झ यांना १९२० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कोठडीत असतानाही नऊ लाखांवर मते पडली होती.

या सर्वाचा सर्वसामान्य माणसाच्या संसाराशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध विम्याच्या कागदात सापडतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, वेतनवाढीवर सरकारने बंधने घातली. कामगार टिकवून धरण्यासाठी मालक वेतनाऐवजी आरोग्यविमा देऊ लागले. त्याला वेतनवाढ समजले गेले नाही. ट्रूमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना मांडली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने तिला ‘समाजवादी वैद्यक’ म्हणून बदनाम केले व ती बारगळली. मालकाने भरलेल्या हप्त्यावरील करमाफी कायद्यात पक्की झाली तीही १९५४ सालीच. ज्या वर्षी प्रतिज्ञेत ईश्वर आला, त्याच वर्षी आजारी माणसाला मालकाच्या स्वाधीन करण्यावर शिक्कामोर्तब झाले. पासष्टीच्या पुढच्यांसाठी आणि गरिबांसाठी १९६५ मध्ये सरकारी योजना आल्या, २०१० च्या कायद्याने आणखी कोट्यवधींना आधार मिळाला. तरीही २०२३ साली अडीच कोटींहून अधिक लोक विम्याविना होते.

मालकामार्फत मिळणाऱ्या विम्याचा एका कुटुंबाचा वार्षिक हप्ता २०२४ मध्ये सरासरी साडेपंचवीस हजार डॉलर होता. त्यातील सुमारे सव्वासहा हजार कामगाराच्या पगारातून कापले जात. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर राहिले. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही दिवस खाडा न करता राबले तर त्या दराने हाती येतात पंधरा हजार ऐंशी डॉलर. अनेक राज्यांनी आपले दर याहून पुष्कळ वर नेले आहेत, हे खरे. परंतु राष्ट्र म्हणून मान्य केलेल्या किमान मजुरीत कुटुंबाच्या विम्याचा हप्ताही बसत नाही, हेही खरे. भरपगारी रजेची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने बाळंतपणासाठी किंवा आजारपणासाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि लहान आस्थापनांना वगळून. नोकरी आवडत नसली तरी मुलाच्या औषधासाठी ती धरून ठेवणारा बाप स्वतंत्र म्हणायचा कितपत?

आणि तरीही हा माणूस निष्ठुर नाही. गावातील खाणावळीच्या गल्ल्याशेजारी एक काचेची बरणी ठेवलेली असते, तिच्यावर कर्करोग झालेल्या एखाद्या मुलाचे छायाचित्र चिकटवलेले असते, आणि येणारा-जाणारा तीत नोटा टाकतो. अग्निशामक केंद्रात शेजाऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी जेवणाचा कार्यक्रम होतो. वाढणारे, रांधणारे सारे स्वयंसेवक. त्या देशातील बहुसंख्य अग्निशामक जवान मुळी स्वयंसेवकच आहेत. शेजारधर्माची ही ओढ कोणत्याही समाजवाद्याने हेवा करावा अशी आहे. गंमत अशी की, बरणीत सढळ हाताने नोट टाकणारा हाच माणूस, सर्वांच्या औषधोपचारासाठी कर वाढवू म्हटले की बिथरतो. बरणीतील नोट त्याला स्वातंत्र्य वाटते आणि कर जुलूम वाटतो. ज्या मुलाचे छायाचित्र बरणीवर लागत नाही त्याचे काय, हा प्रश्न त्याला कोणी शाळेत विचारलेलाच नसतो.

त्याचा विश्वास टिकला तो निव्वळ भाबडेपणाने, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९४० मध्ये जन्मलेल्या अमेरिकनांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक आपल्या आईबापांपेक्षा अधिक कमावते झाले. असा अनुभव घराघरात असल्यावर व्यवस्थेवर कोण संशय घेईल? १९८० च्या सुमारास जन्मलेल्यांत हे प्रमाण जेमतेम निम्म्यावर आले. कारखान्यातील कामगार आणि वकील दोघेही स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवतात ती सवय तेवढी उरली. खाली घसरलेला माणूस मग दोष व्यवस्थेला न देता आधी स्वतःला देतो, आणि नंतर सीमा ओलांडून आलेल्या मजुराला. हा राग कोणाच्या पदरात पडतो हे अलीकडच्या निवडणुकांनी दाखविले आहे. डाव्यांनी ध्वज दुसऱ्यांच्या हाती सोडला त्याची ही किंमत आहे.

तो नेहमीच सोडला होता असे नव्हे. फेब्रुवारी १९६८ मध्ये मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा घेतलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीतील यंत्रात चिरडून मेले. तेराशे कामगारांनी संप पुकारला. पूर्ण वेळ राबूनही त्यांच्यापैकी अनेकांची कुटुंबे सरकारी मदतीस पात्र ठरत, इतकी त्यांची मजुरी तुटपुंजी होती. त्यांच्या हातांतील फलकांवर ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले असे. शाळेच्या प्रतिज्ञेतील ‘सर्वांना’ या शब्दाचा अर्थ त्यांनी महापौराला समजावून सांगितला. त्यांना पाठिंबा देण्यासाठी आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला तेथेच मारले गेले. बारा दिवसांनी शहराने संघटनेला मान्यता दिली आणि मजुरी वाढवली. पुरेशा निवृत्तिवेतनाचा प्रश्न तसाच राहिला. २०१७ मध्ये मेम्फिसने त्या संपातील हयात कामगारांना प्रत्येकी पन्नास हजार डॉलर देण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्यापैकी एक जण वयाची ऐंशी वर्षे ओलांडूनही रात्रपाळीला कचऱ्याची गाडी घेऊन जात होता.