चर्चा बाटलीची, धोका नखाच्या मुळाशी

युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांमध्ये ‘टीपीओ’ या रसायनाच्या वापरावर बंदी घातली. ट्रायमिथाइलबेन्झॉइल डायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड असे त्याचे लांबलचक नाव. जेल नेलपॉलिश दिव्याखाली धरले की काही सेकंदांत कडक होते, त्यामागे हे रसायन असते. दिव्याचा प्रकाश शोषून घेऊन ते घट्ट होण्याची प्रक्रिया सुरू करते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा प्रजननक्षमतेवर दुष्परिणाम दिसल्यामुळे युरोपने ते घरगुती आणि व्यावसायिक, दोन्ही वापरांतून काढून टाकले. त्याच्या बातम्या आपल्याकडेही झाल्या आणि ‘जेल नखे करावीत की नाही?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला.

प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. कृत्रिम नखांमुळे रुग्ण डॉक्टरांकडे येतात ते बहुतेक वेळा बाटली उघडण्याच्या आधी जे घडते त्यामुळे. जेल किंवा अ‍ॅक्रिलिक लावण्यापूर्वी पार्लरमध्ये नखाची ‘तयारी’ केली जाते. नखाच्या मुळाशी असलेली कातडी मऊ करणे, मागे ढकलणे, खरवडणे, कापणे, नखाचा पृष्ठभाग घासणे अशी ती दहा-पंधरा मिनिटे असतात. बाटलीत काय असावे याचे नियम जगभर होत आहेत. या दहा मिनिटांकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष नाही.

गोंधळ एका शब्दापासून सुरू होतो. पार्लरमध्ये ‘क्युटिकल’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. नख वाढताना त्याच्या पृष्ठभागाला चिकटून पुढे सरकणारा मृत पेशींचा पातळ, पारदर्शक पापुद्रा हे खरे क्युटिकल. त्याच्या मागे, नखाच्या मुळावर दुमडून आलेली कातडीची घडी ही जिवंत त्वचा आहे. तिला रक्तपुरवठा आहे, संवेदना आहेत. ही घडी आणि तिला लागून असलेला पापुद्रा मिळून नख आणि बोट यांच्यामधली फट बंद करतात. खिडकीच्या काचेभोवती लांबी भरलेली असते, तसेच हे काम. लांबी काढली की काच जागेवरच दिसते, पण पावसाचे पाणी आत येऊ लागते.

त्या घडीखाली नखाचा कारखाना असतो. नवे नख ज्या पेशींपासून तयार होते त्या पेशी तिथेच, कातडीच्या आड असतात. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते आणि संपूर्ण नख बदलायला सहा महिने लागतात. त्यामुळे मुळाशी झालेली इजा लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी नखावर आडवी खाच किंवा उंचवटे दिसू लागतात, तोवर त्या पार्लरभेटीची आठवणही राहिलेली नसते.

मग तयारी करायचीच कशाला? त्यामागे खरे तांत्रिक कारण आहे. नखावर मृत पापुद्रा, तेल किंवा ओलावा राहिला तर जेल आणि अ‍ॅक्रिलिक नीट चिकटत नाही, मुळापासून सुटू लागते. तीन आठवडे टिकायला हवे ते चार दिवसांत उचकटले की ग्राहक तक्रार करते. म्हणून मृत पापुद्रा काढणे योग्यच. अडचण होते ती मृत पापुद्र्यावर न थांबता जिवंत घडी कापली जाते तेव्हा. कापल्यावर नखाचा आकार लांब आणि रेखीव दिसतो, फोटो सुंदर येतो. फिरत्या यंत्राने, म्हणजे ई-फाइलने कोरडीच कातडी घासून काढण्याची ‘रशियन मॅनिक्युअर’ नावाची पद्धत समाजमाध्यमांवर लोकप्रिय झाली ती याच दिसण्यामुळे. कसलेल्या हातातही त्या पद्धतीत चुकीला फार कमी जागा असते. दोन-चार दिवसांच्या प्रशिक्षणानंतर यंत्र हातात घेतलेल्या मुलीकडून ती अचूकता अपेक्षिणेच चूक.

फट उघडली की पुढचे चित्र ओळखीचे असते. दोन-तीन दिवसांत नखाची कड लाल होते, ठणकते, पू धरते. आपल्या आजी ज्याला ‘नखुरडे’ म्हणत तेच हे. बहुधा त्वचेवरच राहणारा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू त्याला कारणीभूत असतो. वेळेवर उपचार झाले तर ते बरे होते. चिवट असतो तो दुसरा प्रकार. सहा आठवड्यांहून अधिक काळ नखाची कड सुजलेली राहते, फारसे दुखत नाही, पण नख खडबडीत होत जाते. दिवसभर भांडी, धुणे, कणीक मळणे, भाजी चिरणे यांत हात ओले राहणाऱ्यांमध्ये हा विकार अधिक आढळतो. साबण, पाणी आणि कांदा-लसणाचा रस उघड्या फटीतून आत जात राहतो. तिथे बुरशीही वस्ती करते. हा आजार केवळ प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी जात नाही. बोटे कोरडी राहणे आणि कातडीची घडी पुन्हा जुळून येणे, हाच त्यावरचा मुख्य उपाय. लग्नसराईत क्युटिकल कापून घेतलेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्यात हात घालणाऱ्या स्त्रीला तो सर्वात अवघड जातो.

कृत्रिम नख एका बाजूने सुटले की त्याच्या आणि मूळ नखाच्या मध्ये ओल साचते. तिथे स्यूडोमोनास नावाचा जिवाणू वाढला तर नख हिरवट-काळे दिसते. अशा वेळी डाग लपवण्यासाठी वरून नवा थर देणे हा सर्वात वाईट उपाय. कृत्रिम नख काढून मूळ नख उघडे आणि कोरडे ठेवावे लागते.

दुसरा प्रश्न हत्यारांचा. कातडी कापणाऱ्या निपरला रक्त लागू शकते, डोळ्यांना ते दिसेलच असे नाही. हेपेटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. धातूची हत्यारे आधी धुऊन मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करावी लागतात. निळ्या प्रकाशाच्या पेटीत ठेवल्याने हे काम होत नाही. प्रकाश हत्याराच्या सांध्यात आणि मागच्या बाजूला पोहोचतच नाही. लाकडी काड्या आणि सँडपेपरसारख्या कानशी सच्छिद्र असतात, त्या निर्जंतुक करता येत नाहीत. त्या एका ग्राहकापुरत्याच वापरायच्या असतात.

हे भय अवास्तव वाटत असेल, तर अमेरिकेतील एक नोंद पाहावी. २००० साली कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे एकाच नेल सलूनच्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर चिवट गळवे आली. तपासात पाय बुडवण्याच्या टबांच्या जाळ्यांमागे केस आणि कातडीचा मळ साचलेला आढळला आणि त्यात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा जिवाणू सापडला. पेडिक्युअरच्या आधी पायांवरून वस्तरा फिरवलेल्या स्त्रियांना धोका अधिक होता. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात, तेवढी वाट जिवाणूला पुरली. नखाच्या मुळाशी निपर चालतो तेव्हा अशीच वाट तयार होते.

आता पुन्हा बाटलीकडे वळू, कारण तिचा आणि कात्रीचा संबंध आहे. कृत्रिम नखांतील मेथअ‍ॅक्रिलेट रसायने पूर्ण कडक झाली की फारशी त्रासदायक नसतात. अर्धवट कडक झालेला किंवा ओला थर त्वचेला वारंवार लागला, तर अ‍ॅलर्जी जडू शकते. मुळाशी कापलेली, सोललेली कातडी आणि तिच्यावर ओघळलेले जेल ही जोडी त्यासाठी सर्वात पोषक. बोटांना खाज, भेगा, नख सुटणे ही लक्षणे दिसतात. हात लागल्यामुळे पापण्यांवरही पुरळ उठते. ही अ‍ॅलर्जी बहुधा आयुष्यभर राहते. याच कुळातील रसायने दातांत भरण्याच्या सिमेंटमध्ये, सांधे बदलताना वापरल्या जाणाऱ्या हाडांच्या सिमेंटमध्ये आणि मधुमेहींच्या साखर मोजणाऱ्या काही चिकटपट्ट्यांमध्ये असतात. विशीतल्या हौसेची किंमत साठीत, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी समोर येऊ शकते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच याबाबत इशारा दिला होता. त्यातील ‘हेमा’ हे रसायन असलेली नखांची उत्पादने युरोपात २०२१ पासून केवळ प्रशिक्षित व्यावसायिकांनीच वापरायची आहेत.

तयारीसाठी वापरली जाणारी द्रवेही निरुपद्रवी नसतात. क्युटिकल मऊ करणाऱ्या अनेक द्रवांमध्ये पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे दाहक अल्कली असते. युरोपात त्याची मर्यादा ५ टक्के आहे आणि डोळ्यांत गेल्यास अंधत्व येऊ शकते, असा इशारा त्यावर छापावा लागतो. काही प्रायमरमध्ये मेथअ‍ॅक्रिलिक आम्ल असते, त्याने त्वचा भाजते. हे द्रव ताज्या कापावर पडले की होणारी आग म्हणजे ‘थोडे झोंबणारच’ नव्हे, ती इजा असते.

या सगळ्यात ग्राहकाइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक जोखीम समोर बसलेल्या मुलीची असते. ग्राहक महिन्यातून एकदा येते. ती दिवसभर धूळ आणि रसायनांत काम करते. पातळ हातमोज्यांतून मेथअ‍ॅक्रिलेट काही मिनिटांत आरपार जातात, त्यामुळे हातमोजे घातले म्हणजे निर्धास्त झालो असे नाही. तिला अ‍ॅलर्जी झाली तर हातचा व्यवसायच जातो. हजारो तरुणी या कामातून स्वतःच्या पायावर उभ्या राहत असताना त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना नीट शिकवले जाते का, हा प्रश्न आहे.

रुग्णांची सेवा करणाऱ्या हातांसाठी तर नियम स्पष्ट आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे १९९७-९८ मध्ये एका नवजात अतिदक्षता विभागात स्यूडोमोनासचा संसर्ग पसरला आणि १६ बाळे दगावली. त्या संसर्गाचा संबंध दोन परिचारिकांच्या लांब नखांशी आढळला, त्यांतील एकीची नखे कृत्रिम होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातांच्या स्वच्छतेबाबतच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाशी थेट संपर्क येणाऱ्यांनी कृत्रिम नखे वापरू नयेत आणि स्वतःची नखे अर्ध्या सेंटिमीटरहून कमी ठेवावीत. घरात कमी दिवसांचे बाळ असेल, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण असेल, तर त्याचे सारे करणाऱ्या व्यक्तीने हाच नियम पाळलेला बरा.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० चे नियम आहेत. ते उत्पादन, आयात आणि विक्री यांच्यापुरते आहेत. पार्लरच्या खुर्चीत निपर कुठपर्यंत चालवायचा, हे त्यांत नाही. तो त्यांचा विषयही नव्हे. वॉटसनव्हिलच्या घटनेनंतर कॅलिफोर्नियाने टब कसे आणि किती वेळा धुवायचे याचे नियम केले. म्हणजे रसायनाप्रमाणे प्रक्रियेचेही नियमन होऊ शकते. आपल्या आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे. त्यातील निर्जंतुकीकरण आणि नखाच्या रचनेचा भाग हा नखांचे काम करणाऱ्या प्रत्येकासाठी किमान पात्रता ठरवता येईल. ऑटोक्लेव्ह असणे ही परवान्याची अट करता येईल. यासाठी नव्या संशोधनाची गरज नाही.

ते होईपर्यंत निर्णय खुर्चीत बसणारीच्या हातात आहे. ‘क्युटिकल कापू नका, फक्त मागे करा’ हे सुरुवातीलाच सांगावे. नखावरचा मृत पापुद्रा काढला तरी चालेल, घडीला हात नको. निर्जंतुक केलेल्या हत्यारांचे पाकीट समोर उघडायला सांगावे, कानस नवी मागावी. जेल कातडीपासून एखादा मिलिमीटर दूर राहायला हवे, ओघळले तर दिव्याखाली हात धरण्याआधी पुसायला लावावे. आग झाली, रक्त आले तर त्या दिवशी काम तिथेच थांबवावे. मधुमेह असेल, नखाभोवती आधीच सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि घरी दाताने किंवा चिमट्याने कृत्रिम नख ओढून काढू नये, त्याबरोबर मूळ नखाचे थर निघतात.

पार्लरमध्ये हे सांगायला संकोच वाटतो, मागे रांग असते, दरही ठरलेला असतो. पण पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कातडी कुठपर्यंत कापायची हे ठरवण्याचा हक्क ग्राहकाचाच आहे. बाटलीतल्या रसायनाचा निर्णय ब्रसेल्समध्ये होईल, निपरचा निर्णय मात्र खुर्चीत बसल्या बसल्या एका वाक्यात होतो.