झाकली मूठ आणि 103.4

मंडळी, स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून एक पाककृती मागितली जाते. यंदा ती नाही. यंदा थोडं भांडायचं आहे, आणि तेही आपलं आपल्याशीच.

आपल्या येनात 103.4 वर रेडिओ ओकेजे नावाचं केंद्र आहे. हे नागरिकांचं केंद्र. तिथे जाहिराती नाहीत आणि कुणी शेटजी मालक नाहीत. एर्फुर्टला रेडिओ फ्राय आणि वायमारला रेडिओ लोटे आहे, त्याच जातकुळीतलं हे. गावातल्या साध्या माणसांनी यावं, शिकावं आणि आपल्या गावाबद्दल बोलावं, एवढाच यामागचा विचार. जर्मनीत प्रत्येक घर रेडिओ-टीव्हीची जी सक्तीची वर्गणी भरतं (2021 पासून महिना 18 युरो 36 सेंट), तिचा एक छोटा वाटा राज्याच्या माध्यम संस्थेमार्फत अशा केंद्रांना जातो. म्हणजे मायक्रोफोनचे पैसे आपण भरतोच आहोत. बोलायचं तेवढं बाकी आहे.

म्हणून मी मंडळाच्या बैठकीत सुचवलं की महिन्यातून एक तास मागून पाहू. अर्धा तास मराठीत, अर्धा जर्मनमध्ये. सगळ्यांना कल्पना आवडली. मग विषय निघाला, "बोलायचं काय?" कुणी म्हणालं गाणी लावू, कुणी म्हणालं दिवाळीच्या फराळाची माहिती देऊ. मी म्हटलं, घर शोधताना फोनवर नाव सांगितल्यावर काय होतं, त्यावर बोलू. व्हिसा वाढवून मिळेपर्यंत नोकरीचं काय होतं, त्यावर बोलू. एकदम शांतता पसरली. शेवटी एक काका प्रेमानेच म्हणाले, "अगं, कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्या म्हणीशीच माझं भांडण आहे.

आपल्यातले जे पन्नाशी ओलांडलेले आहेत त्यांना मुंबई आकाशवाणीवरचं 'पुन्हा प्रपंच' आठवत असेल. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी बसून गप्पा मारायचे. विषय कसले? महागाई, शेजार, सरकारची नवी योजना. आकाशवाणी सरकारी होती, सगळं मनमोकळं नव्हतं हे मान्य. पण रोजच्या अडचणी हा जाहीर बोलण्याचा विषय आहे, हे आपल्याला त्या तिघांनी शिकवलं. त्यात कुणाची अब्रू गेल्याचं मला आठवत नाही.

त्याही आधीची गोष्ट. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं निवडली. गावोगावी माणसांची छोटी मंडळं केली. त्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. असे वीस कार्यक्रम झाले. पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तुलनेसाठी, जिथे रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावंही घेतली होती. मंडळवाल्या गावांत माहिती भराभर वाढली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे गुण नुसत्या रेडिओचा नव्हता, ऐकून झाल्यावर जे बोलणं झालं त्याचा होता.

ही पाहणी ज्यांनी केली त्यांचं नाव पॉल नॉयराथ. व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ. नाझींनी त्यांना आधी डाखाऊला आणि मग बूखेनवाल्डला डांबलं होतं. 1939 मध्ये सुटून ते पुढे अमेरिकेत पोचले आणि छावणीतल्या समाजावरच त्यांनी प्रबंध लिहिला. बूखेनवाल्ड आपल्यापासून किती लांब आहे? वायमारच्या डोंगरावर, गाडीने जेमतेम अर्धा-पाऊण तास. पाहुणे आले की आपणच त्यांना तिथे नेतो, गप्प उभे राहतो आणि परत येतो. तिथून जिवंत सुटलेला माणूस आपल्या खेड्यापाड्यांत जाऊन शेतकऱ्यांचं बोलणं मोजतो, आणि आपण इथे राहून म्हणतो, बोलायचं कशाला!

आता जरा कटू लिहिते. विंत्सरला भागात एक चौक आहे, एन्व्हर शिमशेक यांच्या नावाचा. 2020 मध्ये ते नाव दिलं. शिमशेक फुलांचे व्यापारी होते. सप्टेंबर 2000 मध्ये न्यूर्नबर्गला त्यांना गोळ्या घातल्या. मारणारी टोळी आपल्या येनात वाढलेली. 2007 पर्यंत त्यांनी दहा खून केले, त्यांतले नऊ जण स्थलांतरित घरांतले. कित्येक वर्षं पोलीस संशय घेत राहिले तो मेलेल्यांच्या बायकामुलांवर. वर्तमानपत्रांनी त्या खुनांना एका खाद्यपदार्थाचं नाव दिलं. 2006 मध्ये ही कुटुंबं कासेल आणि डोर्टमुंडच्या रस्त्यांवर उतरून 'दहावा बळी नको' म्हणत होती. ऐकणारे फार थोडे निघाले. खरं बाहेर आलं ते नोव्हेंबर 2011 मध्ये.

त्या लोकांनी बोलूनही त्यांचं कुणी ऐकलं नाही. आपण न बोलताच आपलं सगळं ठीक होईल असं धरून चाललो आहोत. 2024 च्या थ्युरिंगियाच्या निवडणुकीत परदेशी लोकांच्या विरोधावर मतं मागणारा पक्ष 32.8 टक्के मतं घेऊन पहिला आला. ही मतं देणाऱ्यांतले किती जण आपल्याला ओळखतात? ट्राममध्ये शेजारी बसतात, बस. आपल्याबद्दल ते रोज कुणाकडून तरी ऐकत असतात. आपल्याकडूनच तेवढं ऐकत नाहीत.

यावर जे आक्षेप आले त्यांची उत्तरं देते.

"आता रेडिओ कोण ऐकतं? व्हॉट्सॲप आहे ना." आहे की. पण तिथे आपणच लिहितो आणि आपणच अंगठा दाखवतो. लोबेडातल्या वरच्या मजल्यावरच्या आजीबाई आपल्या ग्रुपवर नाहीत.

"वाद होतील." ते आताही होतातच, फक्त पार्किंगमध्ये उभं राहून होतात. जून 2024 पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, भारताने नाही. पासपोर्ट सोडायचा की नाही, यावर घरोघरी धुसफूस चालली आहे. मुलांचं एक मत, आईवडिलांचं दुसरं. हा विषय एकदा मोकळेपणाने बोलला गेला तर कुणाचं काय बिघडेल?

"व्हिसावर परिणाम होईल." हा एकच आक्षेप मला खरा वाटतो. नवीन आलेल्या विद्यार्थ्याची भीती हसण्यावारी नेऊ नये. त्याचं नाव घेऊ नका, त्याचं म्हणणं दुसऱ्याने मांडावं. पण मग बोलायचं कुणी? ज्यांची इथे घरं झाली, ज्यांना कायमचा परवाना मिळाला, त्या आपण. ज्याला कमी धोका त्याने आधी तोंड उघडावं, हा साधा न्याय आहे.

आणि हे काही फार शिकलेल्यांचं काम आहे असंही समजू नका. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. दुष्काळी मुलूख. 2008 पासून तिथली माणसं आपल्या बोलीत पाणी, शेळ्या, बचत आणि ओव्या या सगळ्यांवर बोलत आली आहेत. आपल्याकडे पीएचड्या आहेत, पक्क्या नोकऱ्या आहेत आणि स्टुडिओ ट्रामच्या अंतरावर आहे. तरी आपल्या घशाला कोरड.

गाणी लावूच, फराळाचंही सांगू. संस्कृती मला नको आहे असं नाही. पण ज्या भाषेत आपण फक्त सण साजरे करतो आणि अडचण कधी सांगत नाही, ती भाषा मुलं का शिकतील? ती त्यांच्या दृष्टीने कपाटातली पैठणी होते. वर्षातून एकदा काढायची, घडी मोडायची नाही.

पुढच्या बैठकीत मी पुन्हा हाच विषय मांडणार आहे. काकांनाही आग्रहाने बोलावणार आहे, आणि पहिली मुलाखत त्यांचीच घ्यायची माझी इच्छा आहे. इतकी वर्षं मूठ झाकून ठेवली आहे काकांनी. आत सव्वा लाख आहेत की नाही, ते एकदा उघडून बघू या.