टेनर गिटारची 'गिटार' करू नका

माझ्याकडे चार तारांची एक जुनी टेनर गिटार आहे. ती पाहिली की प्रत्येक गिटारवाला तोच सल्ला देतो : "डी-जी-बी-ई लाव की! गिटारच्या बारीक चार तारा. नवं काही शिकायला नको." माझं भांडण नेमकं या 'शिकायला नको'शी आहे.

हे वाद्य १९२०च्या दशकात अमेरिकेत रुळलं, ते टेनर बँजो वाजवणाऱ्यांमुळे. म्हणून सी-जी-डी-ए : प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. कॉर्डचे स्वर त्यामुळे ऐसपैस पसरतात. बँजोवाल्यांनीही सवयच जपली, मान्य. पण त्यासाठी नवं वाद्य घडलं, जुन्याचे सूर कुणी मोडले नाहीत.

"पण ए तार तुटते ना?" तुटते. २३ इंचांवर ४४० हर्ट्झ म्हणजे पोलादाची जवळजवळ हद्द. "मग जाड तार लाव," हा पुढचा सल्ला. तो मी ऐकला. ०.०१३ इंचाची तार लावली, ताण १८ किलोवर गेला आणि ब्रिज एका कडेने उचलला गेला. इंजिनिअर असून साधं सूत्र विसरलो : तार जितकी जाड, तितका ताणही जास्त लागतो; तुटण्याचा स्वर जवळपास तोच राहतो. आता ०.००९ची तार आहे, ताण नऊ किलोंच्या आत.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सगळं आपल्या सवयीला 'कम्पॅटिबल' हवं असतं. इथे बदलायची आहेत ती बोटं. तेवढेही कष्ट नको असतील, तर सरळ गिटार घ्या.