आंबेमोहोराची ओळख कशी ठरवायची?

आंबेमोहोर म्हणून घेतलेला तांदूळ खरोखर आंबेमोहोर आहे का, हे शहरातील ग्राहक दाण्यावरून आणि वासावरून ठरवतो. मात्र, वास हा वाणाचा पुरावा ठरत नाही. भाताच्या सुवासामागील ‘बीएडीएच-२’ हे जनुक ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००५ मध्ये निश्चित केले. बासमतीसह जगातील बहुतेक सुवासिक वाणांत या जनुकातील तीच आठ अक्षरे गळालेली असतात.

वाण ओळखण्यासाठी म्हणूनच डीएनए चिन्हकांचा आधार घेतला जातो. भाताच्या बारा गुणसूत्रांवर ठिकठिकाणी काही अक्षरे सलग पुनःपुन्हा येतात. ती किती वेळा येतात, याची संख्या वाणागणिक बदलते. अशा अनेक जागा एकत्र तपासल्या, की वाणाचा ठसा हाती येतो.

बासमतीच्या व्यापारात या तंत्राने भेसळ उघड केली. ब्रिटनच्या अन्न मानक यंत्रणेने २००४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत सुमारे ४६ टक्के नमुन्यांत अन्य तांदूळ आढळला. पुढे तेथील व्यापारसंहितेने २००५ मध्ये मिसळीची मर्यादा सात टक्क्यांवर आणली.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. आंबेमोहोर आणि आजरा घनसाळ यांना भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी ते नाव आणि प्रदेश यांचे रक्षण करते. पोत्यातील दाण्याची परीक्षा वेगळीच करावी लागते. त्यातच, वडगाव मावळच्या केंद्रात विकसित झालेली इंद्रायणी ही आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेली. अशा नात्यातील वाणांना वेगळे करण्यास मोजकी चिन्हके पुरत नाहीत.

खरी अडचण याहून खोल आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी राखलेले पारंपरिक वाण एकजिनसी नसते. गावागणिक बियाण्यात थोडा फरक असतो. एकच ठसा प्रमाण मानला, तर अस्सल बियाणे राखणारा शेतकरीच ‘भेसळखोर’ ठरण्याची भीती आहे. शिवाय, एकसारखेपणाची किंमत अमेरिकेने १९७० मध्ये मोजली आहे. बहुतांश संकरित मक्यात एकाच प्रकारचा पेशीद्रव्य-वारसा असल्याने पानांवरील करपा देशभर फोफावला आणि सुमारे १५ टक्के पीक बुडाले.

तेव्हा प्रमाण ठसा एका नमुन्यावरून न ठरवता अनेक गावांतील बियाण्यांवरून ठरवणे आवश्यक आहे. शेतकऱ्यांच्या वाणांना नोंदणीचा हक्क देणारा २००१ चा कायदा त्यासाठी आधार देऊ शकतो. अन्यथा, नाव वाचेल आणि वैविध्य हरपेल.