मोठा पडदा, छोटा पडदा : सिनेमा घरी आला, पण घरची मंडळी?

रविवारी दुपारची जेवणं आटोपली, की बऱ्याच घरांत विषय निघतो, ‘आज सिनेमाला जायचं का?’ पूर्वी या प्रश्नात एकच अडचण असायची. तिकीट मिळेल का? आता तिकीट बसल्या जागी मोबाइलवर मिळतं, तेही हवी ती खुर्ची निवडून. तरी बेत काही जमत नाही. बाबा म्हणतात, ‘थोडं थांबा, घरीच येईल.’ कॉलेजातली मुलगी म्हणते, ‘माझा मैत्रिणींबरोबर बघून झाला.’ मुलाच्या कानात इअरफोन असल्यामुळे त्याला प्रश्नच ऐकू आलेला नसतो. आजी म्हणते, ‘मला बाई त्या अंधारातल्या पायऱ्या जमत नाहीत.’ आणि आई मनातल्या मनात हिशेब करत असते.

तिचा हिशेब काही चुकत नाही. शहरातल्या मल्टिप्लेक्सचं रविवारचं तिकीट अडीचशे रुपये धरलं, तरी चौघांचे हजार झाले. त्यात ऑनलाइन तिकिटाचा वरखर्च, गाडी लावायचे पैसे आणि मध्यंतरातलं पॉपकॉर्न. घरी मूठभर दाण्यांत पातेलंभर होणारी ती चीज तिथे तिकिटाशी स्पर्धा करते!

सरकारनेही यात गंमत केली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शंभराच्या वरच्या तिकिटावर मात्र १८ टक्के कायम राहिला. म्हणजे मल्टिप्लेक्समध्ये जाणाऱ्या कुटुंबाच्या हाती काहीच लागलं नाही. त्याच दिवशी ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला. ‘त्यापेक्षा मोठा टीव्हीच घेऊ’ म्हणणाऱ्या बाबांना आयतंच बळ मिळालं.

कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये तिकिटाला २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. तिला तिथल्या उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पण दर कमी केला तर लोक येतात, हे चित्रपटगृहांनी स्वतःच पाहिलं आहे. ‘राष्ट्रीय सिनेमा दिना’ला २०२२ मध्ये ७५ रुपये, तर २०२३ आणि २०२४ मध्ये ९९ रुपये तिकीट होतं. त्या दिवशी थिएटरांत गर्दी लोटली. मग वर्षातून एकच दिवस का? महिन्यातला एखादा रविवार कुटुंबासाठी राखून ठेवला, तर रिकाम्या खुर्च्यांपेक्षा ते नक्कीच बरं.

सिनेमा किती वाजता सुरू होतो?

तिकिटावर चारची वेळ असते. धावतपळत पावणेचारला पोचावं, तर पडद्यावर आधी साबण, मग सिमेंट, मग दागिने, मग येणाऱ्या सिनेमांच्या झलका. बंगळुरूच्या एका प्रेक्षकाने याबद्दल थेट ग्राहक आयोगाकडे दाद मागितली. डिसेंबर २०२३ मध्ये तो ‘सॅम बहादुर’ पाहायला गेला होता. वेळ होती ४ वाजून ५ मिनिटांची आणि सिनेमा सुरू झाला साडेचारला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि भरपाईही ठरवली. पुढे उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, ही गोष्ट वेगळी. मुद्दा साधा आहे. जाहिराती दाखवायच्या तर दाखवा, पण मुख्य सिनेमा किती वाजता सुरू होणार, ते तिकिटावर छापा. कडेवर लहान मूल घेऊन आलेल्या आईला त्या पंचवीस मिनिटांची किंमत कळते.

याच संदर्भात दोन गोष्टी प्रत्येक घराला ठाऊक हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये असं सांगितलं, की बाहेरचे खाद्यपदार्थ आत येऊ द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार चित्रपटगृहाच्या मालकाला आहे. पण प्रेक्षकांना पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळासाठी आईवडिलांनी आणलेलं खाणं बेताच्या प्रमाणात आत नेता आलं पाहिजे. तेव्हा पाण्याची बाटली विकत घेण्याआधी ‘पाणी कुठे आहे?’ असं खुशाल विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कुणाला घेऊन काय पाहावं?

२०२५ हे वर्ष मराठी प्रेक्षकाला तसं बरं गेलं. १ मे रोजी आलेल्या ‘आता थांबायचं नाय!’मध्ये मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीच्या परीक्षेला बसतात. गोष्ट सत्यघटनेवरून घेतलेली आहे. मुलांना ‘अभ्यास कर’ म्हणून दहा वेळा सांगण्यापेक्षा हा सिनेमा एकदा दाखवलेला बरा, कारण इथे अभ्यासाला बसलेली मंडळी बापाच्या वयाची आहेत. उत्तरार्ध थोडा आटोपशीर हवा होता, पण थिएटरातून बाहेर पडताना मन भरलेलं असतं.

सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘दशावतार’ने कोकणातल्या लोकनाट्याला मोठा पडदा दिला. वयाच्या ८१व्या वर्षी दिलीप प्रभावळकरांनी हा सिनेमा खांद्यावर पेलला आहे. तब्येतीची कुरकुर करणाऱ्या आजोबांना तर तो आवर्जून दाखवावा! झाडी, देवराई आणि रात्रीच्या दिव्यांतला दशावतारी खेळ ही दृश्यं मोबाइलच्या तळहाताएवढ्या काचेवर बघणं म्हणजे पुरणपोळी चमच्याने चाखण्यासारखं आहे.

जुलैमधल्या ‘सैयारा’ने तरुण मुलामुलींना थिएटरात हमसून हमसून रडवलं. घरोघरी आयांना प्रश्न पडला, की रडण्यासारखं एवढं होतं तरी काय? ऐन तारुण्यातल्या नायिकेला अल्झायमर होतो. त्या वयात हा आजार अतिशय दुर्मिळ, आणि पडद्यावर तो पटकथेच्या सोयीने येतो-जातो. ज्या घरात खरोखर विस्मरणाने ग्रासलेले आजोबा किंवा आजी आहेत, तिथे सगळ्यांना ठाऊक असतं, की त्या दुखण्याला गाण्याची साथ नसते. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. ‘ही पिढी मोबाइलमधून डोकं वर काढत नाही’ असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, त्यांनीच अनोळखी नव्या जोडीसाठी थिएटरं भरली.

डिसेंबरमधला ‘धुरंधर’ तब्बल ३ तास ३४ मिनिटांचा, आणि तोही ‘फक्त प्रौढांसाठी’. एवढा गाजलेला सिनेमा म्हणून सहावी-सातवीतली मुलं हट्ट धरतात आणि काही पालक बळीही पडतात. ‘ए’ प्रमाणपत्र हे काही सजावटीसाठी छापलेलं नसतं. थिएटरात दाराशी अडवणारा कुणीतरी असतो. घरी आल्यावर त्याच सिनेमाला अडवायला आईबापच असावे लागतात. निदान टीव्हीवरच्या मुलांच्या खात्याला वयाची मर्यादा आणि पिन घालून ठेवावा. दोन मिनिटांचं काम आहे.

शंभर रुपयांत अख्खं घर

आमिर खानने २०२५ मध्ये एक वेगळाच प्रयोग केला. २० जूनला थिएटरात लागलेला त्याचा ‘सितारे जमीन पर’ कुठल्याही ओटीटी कंपनीला न देता त्याने १ ऑगस्टला यूट्यूबवर आणला, शंभर रुपये भाड्याने. बौद्धिक वाढ वेगळ्या प्रकारे झालेल्या दहा खेळाडूंची ही गोष्ट मूळ स्पॅनिश सिनेमावरून घेतलेली आहे. प्रशिक्षक त्यांना बास्केटबॉल शिकवायला जातो आणि स्वतःच शिकून परत येतो. उपदेश जरा जास्त आहे, पण ते दहा जण इतके मनमोकळे आहेत, की उपदेश गोड लागतो.

शंभर रुपयांत घरातली सहा माणसं आणि शेजारच्या काकू, असा हा हिशेब. ज्या गावात थिएटरच उरलेलं नाही, तिथल्या माणसांसाठी तर ही मोठी सोय. वर्षाची वर्गणी नको, दर महिन्याला आपोआप पैसे कापून जाण्याची धास्ती नको. पाहिला, पैसे दिले, विषय संपला.

नाहीतर वर्गण्यांचा पसारा बघा. नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ पासून भारतात घराबाहेरच्यांना पासवर्ड देण्याची सोय बंद केली. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाच्या खात्यावर इंदूरला आईवडील मजेत सिनेमे बघत होते, ते थांबलं. प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली. त्या नको असतील तर आणखी पैसे. थिएटरातल्या जाहिरातींना कंटाळून माणूस घरी बसला, तर त्या मागोमाग घरी आल्या! तेव्हा दर सहा महिन्यांनी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वर्गण्यांची यादी करावी. जे खातं दोन महिन्यांत कुणी उघडलंही नाही, ते सरळ बंद करावं.

टीव्ही घ्यायला आजीला न्या

मोठ्या हौसेने ५५ इंची टीव्ही येतो. भिंतीवर चढतो. पहिल्याच रात्री सिनेमा लावला, की दोन तक्रारी सुरू होतात. पहिली तक्रार, ‘हा सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?’ कारण सोपं आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या वेगाने टिपलेला असतो. नवे टीव्ही दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने बनवलेली चित्रं घुसडतात, त्यामुळे हालचाल अवाजवी गुळगुळीत होते. क्रिकेटसाठी हे चांगलं, सिनेमाची मात्र सगळी रया जाते. हॉलीवूडच्या टॉम क्रूझने डिसेंबर २०१८ मध्ये खास चित्रफीत काढून ही सोय बंद करण्याचं आवाहन लोकांना केलं होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राच्या विभागात ‘मोशन’ नावाने ती सापडते. ती बंद करावी. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावावा. दुकानात डोळे दिपवणारे भडक रंग लावून ठेवलेले असतात. ते घरच्या खोलीत कामाचे नसतात.

दुसरी तक्रार आजीची. ‘मारामारीचा आवाज कानठळ्या बसवतो आणि माणसं बोलतात ते कळतच नाही.’ घरचे म्हणतात, आजीचे कान गेले. पण प्रत्येक वेळी दोष कानांचा नसतो. चपट्या टीव्हीत स्पीकरला जागाच उरलेली नाही. ते बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे आवाज माणसांकडे येण्याऐवजी भिंतीकडे जातो. शिवाय थिएटरातल्या अनेक स्पीकरांसाठी घडवलेला आवाज इथे दोनच लहानग्या स्पीकरांत कोंबावा लागतो. मधल्या मधे संवाद बुडतात.

यावर उपाय आहेत. आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद ठळक करण्याची सोय बऱ्याच टीव्हींत असते, ती लावावी. दहा इंच कमी पडद्याचा टीव्ही घेऊन उरलेल्या पैशांत साधा साउंडबार घ्यावा. आणि मराठी किंवा हिंदी सिनेमालाही खाली अक्षरं लावायला कमीपणा मानू नये. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठीही ऐकू न येणाऱ्या आणि दृष्टिहीन प्रेक्षकांच्या सोयीची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आहेत. जी गोष्ट थिएटरांना सांगितली गेली, ती आपल्या दिवाणखान्यात करायला कुणाच्या परवानगीची गरज आहे?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे टीव्ही घ्यायला जाताना आजीला बरोबर न्यावं. विक्रेत्याला धबधबे आणि पोपट दाखवू देऊ नये. एखादा बोलका प्रसंग लावायला सांगावा आणि आजीला विचारावं, ‘काय म्हणाला गं तो?’ तिने बरोबर सांगितलं, तर टीव्ही चांगला.

पुन्हा एकदा रामगढ

१२ डिसेंबर २०२५ रोजी ‘शोले’ नव्याने स्वच्छ करून पुन्हा थिएटरांत लागला. १५ ऑगस्ट १९७५ चा हा सिनेमा मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला होता. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट या वेळी मूळ रूपात दाखवला. पोलीस वेळेवर येऊन ठाकूरला अडवत नाहीत. गब्बरचा हिशेब ठाकूर स्वतःच चुकता करतो. ज्यांनी तरुणपणी जुना शेवट पाहिला होता, ते आजोबा आणि ज्यांनी ‘शोले’ मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत पाहिला होता, ती नातवंडं एकाच रांगेत बसली. कुठला शेवट बरा, यावर घरी परतताना रिक्षात वाद झाले. नातवाला नवा आवडला, आजोबा जुन्यावर ठाम राहिले.

तो वाद हाच तर सिनेमाचा खरा फायदा. प्रत्येकाने आपापल्या खोलीत, आपापल्या काचेवर, दीडपट वेगाने सिनेमा उरकला, की वाद घालायला समोर कुणी उरत नाही. पडदा मोठा असो वा छोटा, थिएटरात असो वा दिवाणखान्यात, आठवड्यातून एक सिनेमा सगळ्यांनी मिळून पाहावा. त्या वेळी मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवावेत, दिवा मालवावा आणि आजीला मधली खुर्ची द्यावी. पॉपकॉर्नचं पातेलं आई आणेलच, पण या रविवारी ते मुलाने आणलं, तर सिनेमा अधिक रंगेल.