पाठीवरही आणि चाकांवरही

मैत्रिणींनो, आमच्या घरचा प्रवास गेली तीस वर्षं कसा व्हायचा ते आधी सांगते. हे दोन हातांत दोन बॅगा घेऊन पुढे, आणि मी मागून. माझ्याकडे म्हणे काहीच नाही! म्हणजे खांद्याला पर्स, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी, पाण्याची बाटली, सगळ्यांचे स्वेटर, आणि मुलं लहान होती तेव्हा एक कडेवर नि एक बोटाशी. तुमच्याकडे काही वेगळं असेल असं मला वाटत नाही.

मोठ्या बॅगेला मात्र मी कधी हात लावला नाही, आणि म्हणूनच लांबचा प्रवासही कधी एकटीनं केला नाही. तिकीट काढता येतं, गाडी विचारता येते. पण जिन्यावर बॅग कोण उचलणार, या एका प्रश्नापाशी सगळं अडायचं.

यंदा वेळच तशी आली. लेक बंगळूरला नोकरीत. नाव तिथल्याच दवाखान्यात घातलेलं, दिवस भरत आलेले. इकडे ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काही आठवडे जड उचलायला डॉक्टरांची मनाई. आणि माझा डावा खांदा चार महिन्यांपासून धरलेला. हा चाळिशी ते साठीतला नेहमीचा पाहुणा. बायकांत जास्त, आणि मधुमेह असेल तर विचारूच नका. वेणी घालताना हात मागे जात नव्हता, तिथं बॅग कसली उचलते!

तेव्हा मुलानं सुचवलं, "आई, चाकं असलेली सॅक घे. सपाटीवर ओढायची, जिना आला की पाठीवर टाकायची."

"ह्या वयात पाठीला दप्तर?" मी म्हटलं. ह्यांचं आणखीनच वेगळं, "चाकांची बॅग म्हणजे आजारी माणसाची. हातानं उचलून न्यावी ती बॅग."

हे बोलणं काही आमच्या घरचंच नाही बरं का. बॅगेला चाकं लावायची कल्पना १९७० साली अमेरिकेत बर्नार्ड सॅडो या गृहस्थांना सुचली. विमानतळावर एक कामगार जड यंत्र चाकांच्या पाटावरून सहज ढकलत नेताना त्यांनी पाहिलं, नि बॅगेला चाकं ठोकली. तर दुकानदार ती घेईनात! पुरुषमाणसं चाकांची बॅग ओढायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एका मोठ्या दुकानानं ठेवली, आणि १९७२ साली पेटंटही मिळालं. उभी ओढायची, वर दांडा निघणारी बॅग १९८७ ची, तीही रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकानं केलेली. माणूस चंद्रावर १९६९ साली गेला, आणि बॅगेला चाकं नंतर लागली. आता काय म्हणावं!

असो. सॅक घेतली. साडेतीन हजार गेले. आता पहिल्या प्रवासात तिचे काय गुण नि काय अवगुण दिसले, ते जसेच्या तसे सांगते.

घरी आणल्याबरोबर मी ती ओळखीच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली. रिकामी सॅक ३ किलो १०० ग्रॅम! मुलाची साधी सॅक जेमतेम किलोभर. म्हणजे दोन किलो नुसती चाकं, दांडा आणि तळाची चौकट. हा हिशेब विसरू नका. रेल्वेत स्लीपर किंवा एसी थ्री-टायरला माणशी ४० किलो चालतं, तिथं काही अडत नाही. पण बहुतेक विमान कंपन्या देशातल्या प्रवासात हातातल्या सामानाला ७ किलोचीच मर्यादा ठेवतात. सॅकच तीन किलोची, मग तुमच्या साड्यांना उरले चार!

दुसरी गोष्ट मी केली, ती तुम्हीही कराच. निघायच्या आठवडाभर आधी सॅकमध्ये दहा किलोची कणकेची पिशवी घातली आणि घरातून फिरवली. ओटीवरून अंगणात, अंगणातून फाटकापर्यंत, आणि मग पाठीवर घेऊन गच्चीचा जिना. शेजारच्या काकू कुंपणातून विचारत होत्या, "अगं, हिमालयात निघालीस का काय?" हसू देत. त्या अर्ध्या तासात जे कळलं ते दुकानात कळलं नव्हतं.

फरशीवर सॅक एका बोटानं येते. अंगणातल्या बारीक खडीत मात्र चाकं रुततात आणि खडखडाट असा की गल्ली जागी व्हावी. पाठीवर घेतली की आतल्या दांड्याच्या दोन सळ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना टोचतात. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे साडी! सॅक खांद्यावर चढवली की पदर पट्ट्याखाली अडकतो, मंगळसूत्र दबून मानेला काचतं. सॅक करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पदर कधी आलेलाच नसावा. त्यावर माझा तोडगा असा : पदराच्या निऱ्या करून खांद्यावर पिन लावायची, उरलेला पदर पुढून आणून कमरेला खोचायचा, मंगळसूत्र पट्ट्याच्या वर काढून घ्यायचं, आणि मगच सॅक. प्रवासाला पंजाबी ड्रेस घालत असाल तर प्रश्नच नाही.

आता सॅक कशी भरायची? पाठीवरच्या सामानात जड वस्तू पाठीला चिकटून हवी, आणि ओढायच्या सामानात ती तळाशी, चाकांजवळ हवी. दोन्ही साधायचं तर जड ते तळाला आणि दांड्याच्या बाजूला ठेवा. आत सळ्यांच्या मध्ये खोलगट पन्हळ असते. त्यात मी लंगोट, टोपडी आणि जुन्या धोतराची दुपटी घट्ट दाबून बसवली. त्यानं सपाट बूड झालं. मग डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, खारीक, अळीव, मेतकूट. त्यावर माझे कपडे. सगळ्यात वर आईच्या लुगड्याची मऊ गोधडी. भरून वजन साडेअकरा किलो.

आमच्या गावाहून मिरजेपर्यंत एसटी. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा तो खर्च हलकाच. मात्र पायरी काही हलकी झालेली नाही. चांगली गुडघाभर उंच! तिथं कंडक्टरनं हात दिला. हे मिरजेपर्यंत सोबत होते. डोळ्यांना काळा चष्मा, हात रिकामे, आणि ते हात कुठं ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं.

स्टेशनच्या पुलाशी मी थांबले. सॅक एका बाकावर ठेवली, तिच्याकडे पाठ करून टेकले, आणि आधी दुखरा डावा हात पट्ट्यात घातला, मग उजवा. हा क्रम लक्षात ठेवा : घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. ब्लाऊज घालतानाही हेच. नि सॅक जमिनीवरून झटक्यानं उचलून खांद्यावर कधी फेकू नका, त्यानंच हिसका बसतो. पायऱ्या मोजत गेले. अर्ध्यावर एकदा कठड्याला टेकले. पण चढले. आणि उतरलेही. हे शेजारून चालत होते. "जमतंय का?" असं त्यांनी चारदा विचारलं.

पलीकडे सॅक उतरवून ओढायला लागले, तो दहा पावलांत गचका! पाठीचा लोंबणारा पट्टा चाकात गुंतला होता. पट्टे आत सारायला मागच्या बाजूला चेनचा खास कप्पा असतो. घाईत मी तो विसरले. तुम्ही विसरू नका.

गाडीत सॅक बाकाखाली आडवी ठेवा. उभी ठेवली तर गाडीच्या हेलकाव्यानं ती फिरायला निघते. साखळी-कुलूप लावा. आणि चाकं? ती स्टेशनभर कुठंकुठं फिरून आलेली असतात. माझ्या सॅकला चाकं झाकायला कापडी झडप आहे, तरी मी वरून ह्यांचे जुने मोजे चढवले. पाठीला घेताना साडी मळत नाही, आणि लेकीच्या घरी नेल्यावर बाळंतिणीच्या खोलीत घाण जात नाही.

घ्यायची असेल तर दुकानात एवढं पाहा :

१. चाकं रबरासारखी मऊ आणि थोडी मोठी असावीत. ती स्क्रूनं बसवलेली असली तर गावातला बॅग दुरुस्तीवाला बदलून देऊ शकतो. रिव्हेट असेल तर काम कटकटीचं.

२. दांडा पूर्ण वर काढून हलवून पाहा. फार डुगडुगत असेल तर नको. ओढताना कोपर किंचित वाकलेलं राहील, इतकी उंची हवी.

३. कमरेचा पट्टा असलेली घ्या. त्यानं भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. माझ्या सॅकला तो नाही, फक्त छातीचा आहे. ही माझी चूक.

४. चेन अडखळत असेल तर घरी आणून तिच्यावर मेणबत्ती घासा. आणि महिन्यातून एकदा चाकात गुंडाळलेले केस नि दोरे सुईनं काढून टाका.

माझं मत विचाराल, तर ही वस्तू म्हणजे चाकांची बॅग आहे, जी अडीअडचणीला पाठीवर घेता येते. दोन-चार मिनिटांचा जिना असेल तर उत्तम. तासभर पाठीवर घेऊन चालायचं असेल, गड चढायचा असेल, तर साधी हलकी सॅकच बरी. आणि खांदा फारच दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तिथं हमाल करावा, पैशाकडे पाहू नये.

सकाळी बंगळूरला उतरले, जावई न्यायला आले होते. घरी पोचल्यावर ह्यांना फोन लावला. पहिला प्रश्न, "उतरताना बॅग कोणी घेतली?"

"मीच," मी म्हटलं.

हे क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लाडू फुटले नाहीत ना?"

नाही फुटले. एकही नाही. नात बारा दिवसांची झाली, लेक रोज एक लाडू खाते आहे, डबा अर्धा झाला आहे. म्हणजे परतीला सॅक हलकीच असणार. पण हलकी नसती तरी आता मी अडले नसते.

तुमच्यापैकी कुणी अशी सॅक वापरत असाल तर तुमचा अनुभव जरूर कळवा. विशेषतः नऊवारीवर ती कशी घ्यायची, हे कुणाला साधलं असेल तर आवर्जून लिहा. माझ्या सासूबाई विचारताहेत.