हे खरे आहे काय?

विधान परिषद म्हटली की आपल्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट उभी राहते, ती म्हणजे आमदारकी. कोणाला मिळाली, कोणाची हुकली, कोणत्या पक्षाने आपल्या कोणत्या नेत्याला शब्द दिला आणि ऐनवेळी फिरवला, यावर चौकाचौकांत तासन् तास चर्चा झडते. पण त्या सभागृहात रोज काय कामकाज चालते, आपल्या समाजाचा कोणता प्रश्न तेथे कागदावर चढला आणि पुढे त्याचे काय झाले, हे विचारणारा कार्यकर्ता शोधूनही सापडत नाही. खुर्चीचा हिशेब आपण चोख ठेवतो, कामकाजाचा मात्र ठेवत नाही. प्रस्थापितांना नेमके हेच हवे आहे.

मुळात एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विधानसभेत अनुसूचित जातींना राखीव जागा आहेत. घटनेच्या कलम ३३२ ने त्या दिल्या. महाराष्ट्रात २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आहेत आणि आमची मिरजही २००९ च्या निवडणुकीपासून त्यांत आली. परंतु राज्यसभा आणि विधान परिषद या वरिष्ठ सभागृहांत एकही जागा राखीव नाही. परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपाल नेमतात. यात आपला माणूस जाणार तो एक तर कोणाच्या तरी मेहेरबानीने, नाही तर आपण स्वतः बांधलेल्या मतांच्या जोरावर. मेहेरबानीने गेलेला माणूस कोणाचे ऐकतो, हे वेगळे सांगायला नको.

मग असे सभागृह आपल्याला हवेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. घटना समितीत खुद्द बाबासाहेबांनी राज्यांतील दुसऱ्या सभागृहाकडे एक प्रयोग म्हणूनच पाहिले होते. प्रयोग फसला तर ते मोडण्याची सोय कलम १६९ मध्ये करून ठेवली आहे. पण जोवर सभागृह आहे तोवर ते वापरायचे कसे, याचा धडाही त्यांनीच घालून दिला. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले तेव्हाही ते त्याच सभागृहाचे सदस्य होते. सप्टेंबर १९५४ मध्ये तेथे अस्पृश्यता (गुन्हे) विधेयकावर बोलताना त्यांनी विधेयकाच्या नावालाच हरकत घेतली. अस्पृश्यता नव्हे, तर अस्पृश्यांचे नागरी हक्क हा कायद्याचा विषय असला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे होते. सरकारने ते ऐकले नाही. १९५५ चा कायदा जुन्याच नावाने झाला आणि त्यातील गुन्हे आपसात मिटवता येण्यासारखे ठेवले गेले. गावच्या पाटलाने दम दिला की फिर्यादी तडजोड करणार, हे ठरलेलेच होते. १९७६ साली संसदेने कायदा सुधारला, तडजोडीची वाट बंद केली आणि नाव दिले नागरी हक्क संरक्षण अधिनियम! सभागृहात नोंदवलेला शब्द बावीस वर्षांनी कायद्याच्या मुखपृष्ठावर आला. म्हणून नोंद महत्त्वाची.

आता परिषदेत ही नोंद होते कशी, ते पाहू. प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, नियम २६० चा प्रस्ताव, नियम २८९ ची सूचना, अशासकीय ठराव आणि अशासकीय विधेयक ही सदस्याच्या हातातील हत्यारे. यातले सर्वांत साधे आणि सर्वांत धारदार हत्यार म्हणजे तारांकित प्रश्न. त्याची भाषा ठरलेली असते. अमुक घटना घडली, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तराची भाषाही ठरलेली! “हे अंशतः खरे आहे.” “तपास सुरू आहे.” “प्रश्न उद्भवत नाही.” वाचणाऱ्याला हसू येते. पण वकिलाच्या नजरेने पाहा. “अंशतः खरे” म्हणजे सरकारने काही भाग तरी लेखी कबूल केला. मंत्र्याने “चौकशी करू” म्हटले की ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समितीला त्याचा पाठपुरावा करता येतो. शिवाय सभागृहात उच्चारलेल्या शब्दासाठी कलम १९४ प्रमाणे सदस्याला कोर्टात खेचता येत नाही. गावातील धनदांडग्याचे नाव घ्यायला जेथे साक्षीदार थरथरतो, तेथे हे संरक्षण लहान नाही.

आपण मात्र काय करतो? मी मिरजेत वकिली करतो. माझ्याकडे अत्याचारग्रस्तांना घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पिशवीत निवेदनांच्या पोचपावत्यांचा गठ्ठा असतो. तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, पालकमंत्री, सगळ्यांचे शिक्के असतात, फोटो असतात. त्यातला एकही कागद एखाद्या आमदाराच्या सहीने सभागृहात प्रश्न होऊन गेलेला नसतो. निवेदनाला उत्तर दिले नाही तरी अधिकाऱ्याचे काही बिघडत नाही. स्वीकारलेल्या प्रश्नाला मात्र खात्याला उत्तर द्यावेच लागते आणि त्यासाठी त्याच तहसीलदाराकडून अहवाल मागवावा लागतो.

सांगली जिल्ह्याला तर या सभागृहाचे महत्त्व कोणी सांगायला नको. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत परिषदेचे सभापती होते. काँग्रेसचे, सर्वोदयी वळणाचे गृहस्थ, आपल्या चळवळीचे नव्हेत. पण मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी धरून ठेवली. १९६९ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली. १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर आला, म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या भूमिहीनाच्या मजुरीला हातभार लावायचा. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला आणि २००५ साली संसदेने केलेल्या रोजगार हमीच्या कायद्यापुढे महाराष्ट्राचाच धडा होता. त्या दुष्काळात पाझर तलावावर आणि रस्त्यावर खडी फोडणाऱ्यांत आपली माणसे किती होती, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. एका विचाराचा दहा वर्षे पाठपुरावा झाला म्हणून तो कायदा झाला.

पागे यांच्यानंतर सभापतीच्या खुर्चीवर बसले ते रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई. १९६८ पासून दहा वर्षे उपसभापती आणि १९७८ ते १९८२ सभापती. बाबासाहेबांचा अनुयायी वरिष्ठ सभागृहाचे नियमन करतो आहे, ही लहान गोष्ट नव्हती. आणि त्यांच्या सभापतिपदाच्या पहिल्याच वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी, दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. पुढे काय झाले? मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या गेल्या. पोचीराम कांबळेंचा जीव घेतला गेला, गौतम वाघमारेंनी आत्मदहन केले. नाव आले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि तेही नामविस्तार म्हणून. ठरावाने सभागृहाची इच्छा कळते. विद्यापीठाचे नाव बदलायला कायद्यात दुरुस्ती लागते. ती त्याच अधिवेशनात आणा, असा आग्रह सरकारच्या छातीवर बसून धरला गेला असता तर सोळा वर्षे गेली नसती, असे मला वाटते.

हा धडाही जुनाच आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. तेव्हा प्रांताला एकच सभागृह होते. ठराव झाला, तळे खुले झाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले आणि हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. सभागृह, रस्ता आणि कोर्ट ही एकाच लढाईची तीन मैदाने आहेत. त्यातले एक सोडले की उरलेल्या दोहोंत दुप्पट रक्त आटवावे लागते.

राज्यकर्त्यांना या सभागृहाची किती पर्वा आहे, ते गेल्या काही वर्षांत दिसलेच. राज्यपालनियुक्त बारा जागा २०२० पासून रिकाम्या पडल्या. राज्यपालांनी वाजवी मुदतीत निर्णय घेतला पाहिजे, असे मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले, तरी त्यातल्या सात भरायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. सातारा जिल्ह्यातील फलटणचे रामराजे नाईक-निंबाळकर जुलै २०२२ मध्ये सभापतिपदावरून निवृत्त झाले आणि पुढचा सभापती निवडला गेला डिसेंबर २०२४ मध्ये. सांगली-सातारा स्थानिक संस्थांच्या आमदाराची मुदत डिसेंबर २०२२ मध्ये संपली, पण मतदार असलेल्या संस्थांच्याच निवडणुका लांबलेल्या, मग आमदार कोठून येणार? आणि आपण? नेमणुकीच्या यादीत आपले कोण, एवढेच पाहत बसलो.

मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी उघड नाराजी बोलून दाखवली. सरकार म्हणाले, हे नियमात बसते. खर्चाच्या मागण्यांवर मतदान करण्याचा अधिकार परिषदेला नाही, तो विधानसभेचा. पण कोणत्या वसतिगृहाचे, कोणत्या शिष्यवृत्तीचे पैसे कमी पडले, हे विचारण्यापासून परिषदेच्या सदस्याला कोणी अडवलेले नाही. प्रश्न हा आहे की त्याच्या हातात आकडे कोण देणार? ते आपणच दिले पाहिजेत.

म्हणून सांगणे एवढेच. जून २०२३ मध्ये आमच्या मिरज तालुक्यातील बेडगला बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान पाडली गेली आणि पुढच्या महिन्यात बौद्ध कुटुंबे गाव सोडून मुंबईच्या वाटेला लागली. अशा प्रत्येक मोर्चाच्या पुढच्या रांगेत निळा झेंडा असावा आणि मागच्या रांगेत प्रश्नाचा मसुदा असावा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीची वर्षातून दोनदा व्हायला हवी. तुमच्या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत किती बैठका झाल्या? माहिती अधिकारात कागद काढा, पाच ओळींचा प्रश्न लिहा आणि अधिवेशनाच्या बऱ्याच आधी आमदाराच्या हाती द्या. एकाने नाकारला तर दुसऱ्याला द्या. उत्तर आले की कार्यवाहीतून त्याची प्रत काढा आणि बुद्धविहारात जाहीर वाचा.

आणि पदवीधरांनो, पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत येथून निवडून गेलेल्या सदस्याची सहा वर्षांची मुदत २०२६ अखेरची. या मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते, जुने नाव चालत नाही. पदवीला तीन वर्षे झालेल्या प्रत्येकाने नमुना १८ भरावा लागतो. बाबासाहेबांच्या पुण्याईने घराघरांत पदव्या आल्या, त्या चौकटीत घालून भिंतीवर टांगल्या. त्यातल्या किती मतदार यादीत आहेत?

आपल्या पदव्या मतदार यादीबाहेर आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? याचे उत्तर मंत्र्याने नव्हे, आपण द्यायचे आहे. जयभीम!